डोंगर लहान होतो, पाणी होत नाही

प्लायवूडच्या फळीवर कागदाचं नरसाळं धरा आणि त्यातून स्लेटचा चुरा हळूहळू सोडा. ढीग वाढतो, कडेनं घसरतो, पुन्हा वाढतो, आणि त्याचा उतार ३५ अंशांच्या आसपास येऊन ठरतो. मूठभर चुरा असो की डंपरभर डबर, कोन जवळपास तोच. दगडाला खाली ओढणारं वजन आणि त्याला धरून ठेवणारं घर्षण, दोन्ही एकाच प्रमाणात वाढतात. म्हणून दगडखाणीचा लेआउट, म्हणजे फळीवर मांडलेलं तिच्या रेल्वेचं छोटं मॉडेल, बनवताना ढिगाऱ्यांना हातानं आकार द्यावा लागत नाही. चुरा फक्त आधी चाळून घ्यायचा. मैद्यासारखी पूड राहिली तर कण एकमेकांना चिकटतात आणि ढिगाला खऱ्या डबराला कधीच नसतात असे उभे कडे येतात.

माझ्या फळीवरची खाण वेल्समधली डिनॉर्विक. लॅनबेरिस गावाजवळच्या एलिडिर डोंगराच्या पोटात टप्प्याटप्प्यानं कोरलेली ही स्लेटची खाण १९६९ साली बंद पडली. स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. तिथे तो मुख्यतः घरांच्या छपरांसाठी निघायचा. कामाची एक टन स्लेट मिळवायला साधारण दहा टन दगड टाकून द्यावा लागे, त्यामुळे ढिगारे हेच या मुलखाचं मुख्य दृश्य. २०२१ पासून वायव्य वेल्सचा हा स्लेट-प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे.

खऱ्या स्लेटचे तुकडे मॉडेलमध्येही डोंगराचे कडे म्हणून शोभतात. प्रचंड दाबाखाली यातली खनिजं एका दिशेनं पत्र्यांसारखी रचली गेली, त्यामुळे कडा फुटतो तसाच नखाएवढा तुकडाही थरांत फुटतो. खडकाच्या फोटोवरून तो किती मोठा आहे ते सांगता येत नाही. भूशास्त्रज्ञ फोटोत हातोडी किंवा नाणं ठेवतात ते त्यासाठीच.

खाणीतल्या रुळांमधलं अंतर ५७८ मिलिमीटर, म्हणजे माथेरानच्या गाडीपेक्षाही अरुंद. माझ्या मॉडेलच्या १:७६ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या ७६ पट लहान केल्यावर, ते साडेसात मिलिमीटर होतं, पण बाजारात तयार मिळतो तो ९ मिलिमीटरचा रूळ. हौशी मंडळी यावर तासन्तास भांडतात. मला ९ चालतो.

खरी गंमत वजनात आहे. लीड्सच्या हन्स्लेट कारखान्यानं या खाणीसाठी चार चाकांची बुटकी इंजिनं बनवली. त्यातल्या काहींना मालकांच्या शर्यतीच्या घोड्यांची नावं होती. त्यातला जेरी एम १९१२ ची ग्रँड नॅशनल जिंकलेला. अशा इंजिनाचं वजन सहा-सात टन. लांबी ७६ पट कमी केली की रुंदी आणि उंचीही तितकीच कमी होते, म्हणजे वजन सुमारे साडेचार लाख पटींनी घटतं. प्रमाणात बसणारं इंजिन भरेल पंधरा ग्रॅमच्या आसपास, दहा रुपयांच्या दोन नाण्यांएवढं. इतकं हलकं चाक रुळावर नीट दाबलंच जात नाही, मध्ये जरा मळ आला की रुळांतून मिळणारी वीज तुटते आणि इंजिन जागच्या जागी थबकतं. म्हणून आत जागा मिळेल तिथे शिसं किंवा टंगस्टन कोंबायचं. दिसायला प्रमाणात, वजनाला मात्र खोटं.

उतारावरचा देखावा तर सरळ फसवा. डिनॉर्विकमध्ये वरच्या टप्प्यांवरून भरलेल्या वाघिणी (मालाचे डबे) दोराला बांधून खाली सोडत आणि त्यांच्या वजनानं रिकाम्या वाघिणी वर खेचल्या जात. मध्ये फक्त दोराचा एक फिरता ढोल आणि त्याचा ब्रेक. इंजिन नाही, इंधनही नाही. मॉडेलमध्ये हे सहसा जमत नाही. दोन टनांची भरलेली वाघीण तिथे साडेचार ग्रॅमची होते. दोऱ्याचा ताठरपणा आणि आसांचं घर्षण त्या प्रमाणात कमी होत नाही, त्यामुळे वाघिणी जागेवरच बसून राहतात. शेवटी फळीखाली छोटी मोटर लपवावी लागते.

वेळही आपल्या बाजूनं नसतो. दहा मीटर उंचीवरून सुटलेल्या दगडाला खाली यायला जवळजवळ दीड सेकंद लागतो. मॉडेलमध्ये ती उंची तेरा सेंटिमीटर, आणि दगड सेकंदाच्या सहाव्या भागात खाली. पडण्याचा काळ उंचीच्या वर्गमुळानुसार बदलतो, त्यामुळे इथे सगळं जवळपास नऊ पट घाईनं पडतं आणि खेळण्यासारखं दिसतं. चित्रपटवाले मॉडेलची दृश्यं जास्त वेगानं चित्रित करून संथ दाखवतात, त्यामागे हेच गणित. मी तर लेआउटवर काही पडूच देत नाही.

पाणी सगळ्यात हट्टी. खाणीच्या तळाशी डबकं दाखवायचं म्हणून खरं पाणी ओतलं, तर पृष्ठताणामुळे ते काठावर दोन-तीन मिलिमीटर वर चढतं. १:७६ च्या जगात ही जवळजवळ वीतभर उंची झाली. एवढी चढण कुठल्या तळ्याच्या काठाला असते? त्यामुळे डबकं रेझिनचं, म्हणजे ओतल्यावर घट्ट होणाऱ्या पारदर्शक द्रवाचं. हाच पृष्ठताण चुरा चिकटवतानाही आडवा येतो. पातळ केलेल्या फेव्हिकॉलचा थेंब चुऱ्यात मुरण्याऐवजी वर गोळी होऊन बसतो. त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाकला की तो निमूट आत जातो.

आणि धूळ. घरातल्या धुळीचा ०.१ मिलिमीटरचा कण त्या जगात शेंगदाण्याएवढा खडा होतो. आठवडाभर लेआउट झाकायला विसरलो, तर हन्स्लेटच्या वाटेवर खडी सांडलेली असते.