कॅलिपर जाम होतोय? ग्रीस निवडताना आधी रबराकडे बघा

मागच्या पावसाळ्यात चोर्ला घाट उतरून साखळीला चहाला थांबलो तर डाव्या पुढच्या चाकाकडून जळका वास, आणि गाडी उतारभर डावीकडे ओढत होती ते वेगळंच. हात चाकाजवळ नेला, टेकवला नाही, तरी धग लागली. उजवं चाक त्यामानाने गार. बेळगावला येऊन चाक खोललं तर आतला पॅड पार संपलेला आणि बाहेरचा अर्ध्याच्या वर शिल्लक. दोनच महिन्यांपूर्वी सर्व्हिसिंग झालेलं आणि तिथे मला सांगितलेलं, "ग्रीस मारलंय की साहेब सगळीकडं." मारलं होतं हे खरंच, पण घोटाळा त्या ग्रीसनेच केला होता.

कॅलिपर म्हणजे चाकासोबत फिरणाऱ्या डिस्कला दोन्ही बाजूंनी पॅडने धरणारी ब्रेकची पकड. आपल्या बहुतेक छोट्या गाड्यांत तिचा पिस्टन डिस्कच्या एकाच बाजूला असतो. ब्रेक दाबला की तो आतला पॅड डिस्कवर ढकलतो आणि त्याच जोरावर अख्खा कॅलिपर दोन पिनांवरून मागे सरकून बाहेरचा पॅड ओढून घेतो. पिना जाम झाल्या की कॅलिपर सरकत नाही, मग आतलाच पॅड झिजत राहतो आणि पाय काढला तरी चाक धरूनच राहतं.

माझी एक पिन ठोकून काढावी लागली. तिच्या टोकाची छोटी रबरी बुश फुगून भोकात गच्च बसलेली, नखाने दाबली तर भिजलेल्या पावासारखी मऊ लागली.

ही रबरं सहसा ईपीडीएम नावाच्या कृत्रिम रबराची असतात, आणि ती का, तर ब्रेक ऑईलमुळे. आपण त्याला ऑईल म्हणतो आणि तिथेच फसतो, कारण डॉट ३, डॉट ४ ही तेलं नाहीतच, ती ग्लायकॉल ईथरची द्रवं आहेत. ईपीडीएम त्यात मजेत राहतं, पण खनिज तेल लागलं की तेलाचे रेणू रबराच्या साखळ्यांत शिरतात, कारण दोघांची जात एकच, हायड्रोकार्बनची. रबर फुगतं आणि ताकद सोडतं. इंजिनात चालणारं नायट्राईल रबर तेलाला टिकतं पण ब्रेक ऑईलमध्ये खराब होतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत हायड्रॉलिकची कामं करणाऱ्यांना हे पाठ असतं, सील मागितलं की आधी विचारतात तेल कुठलं.

साधं पिवळं किंवा लाल ग्रीस म्हणजे बहुतेक वेळा लिथियम साबणात धरून ठेवलेलं खनिज तेल. उष्णतेने तेल सुटून रबरात जातं, साबणाचा चिकट थर पिनेवर उरतो. म्हणून पिनांना सिलिकॉन ग्रीस, किंवा ज्या डबीवर ब्रेकसाठी आणि ईपीडीएमला चालतं असं स्पष्ट लिहिलंय ते सिंथेटिक ग्रीस. तेही पातळ थर, भोक भरून नको, नाहीतर हवा कोंडून पिन नीट आतच जात नाही. कॉपर ग्रीस पिनांना नको, ते फार तर पॅडच्या पाठीला जिथे धातूला धातू लागतो तिथे, डिस्कला तर कुठलंच ग्रीस लागता कामा नये. आणि रबर रॉकेल-डिझेलने धुवायची सवय सोडा बाबांनो, तेही खनिजच आहे.

पिस्टनचं सील मला फार आवडतं. चौकोनी कापाची साधी रबरी रिंग, पण ब्रेक दाबताना ती पिस्टनसोबत किंचित वाकते आणि दाब सुटला की सरळ होताना त्याला केसभर मागे ओढते. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे घ्यायला वेगळी स्प्रिंग नसते, ते काम हीच रिंग करते. ती फुगली तर चाक सुटणार कसं? तिला बसवताना स्वच्छ ब्रेक ऑईल किंवा लाल रबर ग्रीस पुरे.

जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात बूट, म्हणजे पिनेवरचं रबरी आवरण, फाटला असेल तर आत पाणी आणि लाल माती जाऊन पिन गंजते, मग कितीही भारी ग्रीस घातलं तरी उपयोग नाही, आधी बूट बदला. चाक धरून राहणं घाटात का वाईट, तर ती उष्णता ब्रेक ऑईलपर्यंत जाते. डॉट ४ नवं असताना निदान २३० अंशापर्यंत उकळत नाही, पण ते हवेतलं पाणी ओढतं आणि मग हीच मर्यादा १५५ पर्यंत उतरू शकते. उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडल सरळ खाली जातं.

नवीन किटमधल्या एका जादा बूटाचे मी दोन तुकडे केले, एक साध्या ग्रीसमध्ये बुडवला, एक सिलिकॉनमध्ये. आठवड्याने पुसून शेजारी ठेवले तर साध्या ग्रीसमधला दुसऱ्यापेक्षा सरळ मोठा दिसत होता.