स्मार्ट स्विच

स्मार्ट स्विच : दिवा, पंखा, गीझर यांसारखी उपकरणे मोबाइलवरून, आवाजी आज्ञेने किंवा ठरलेल्या वेळी आपोआप चालू-बंद करणारा विद्युत् स्विच. कल्पना नवी नाही. घरातल्याच वीजतारांमधून संदेश पाठवणारी एक्स-१० ही पद्धत स्कॉटलंडमधील पिको इलेक्ट्रॉनिक्सने १९७५ मध्ये विकसित केली. आजचे स्विच मुख्यतः वायफाय किंवा झिग्बी या कमी वीज खाणाऱ्या बिनतारी पद्धतीवर चालतात.

नवख्याने सॉकेटमध्ये खोचायच्या स्मार्ट प्लगपासून सुरुवात करावी. त्याला वायरमन लागत नाही. दुसरा प्रकार बोर्डामागे बसणाऱ्या रिले मॉड्यूलचा (रिले म्हणजे छोट्या विद्युत् संदेशाने चालणारा स्विच). यात भिंतीवरची जुनी बटणे पूर्ववत चालतात, त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांचे किंवा पाहुण्यांचे अडत नाही.

मॉड्यूल घेण्यापूर्वी बोर्ड उघडून न्यूट्रल (प्रवाहाच्या परतीची तार) आहे का ते पाहावे. साध्या स्विचला फेज (वीज आणणारी तार) आणि दिव्याकडे जाणारी तार एवढ्या दोनच तारा पुरतात. मॉड्यूल मात्र दिवा बंद असतानाही जागे असते आणि त्याला स्वतःपुरती वीज लागते. ज्या बोर्डावर सॉकेट आहे तिथे न्यूट्रल असतेच. जिन्यातल्या टू-वे (दोन ठिकाणांहून एकच दिवा चालवणाऱ्या) स्विचच्या बोर्डात ते बहुधा नसते. न्यूट्रलविना चालणारी मॉड्यूल मिळतात, पण त्यांचा सूक्ष्म प्रवाह दिव्यातूनच जातो. म्हणून कमी वॅटचा एलईडी दिवा बंद केल्यावरही मिणमिणतो किंवा लुकलुकतो. त्यावर उपाय म्हणजे उत्पादकाने दिलेला कपॅसिटर दिव्याला समांतर जोडणे. न्यूट्रलऐवजी अर्थिंगची तार जोडण्याची पळवाट काही वायरमन काढतात. मॉड्यूल लगेच सुरू होते, हेच त्यातले फसवे. अर्थिंगमधून सतत प्रवाह वाहिल्याने ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (गळतीचा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) ट्रिप होऊ शकतो, आणि पुढे अर्थिंग तुटलेले असेल तर त्याला जोडलेल्या उपकरणांच्या धातूच्या भागांचा शॉक बसू शकतो.

भाराचा हिशेब सोपा आहे. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर सुमारे ८.७ अँपियर घेतो. त्याला १६ अँपियरचाच प्लग हवा. पाण्याच्या पंपाची मोटर सुरू होताना नेहमीच्या कित्येक पट प्रवाह ओढते, त्यामुळे छोट्या रिलेचे संपर्क चिकटतात : अ‍ॅपवर पंप बंद दिसतो आणि टाकी वाहत राहते. अशा ठिकाणी रिलेने फक्त काँटॅक्टरची (मोठा प्रवाह पेलणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचची) कॉइल चालवावी. बीएलडीसी (ब्रशविरहित डीसी मोटरच्या) पंख्याला रेग्युलेटर असलेले मॉड्यूल जोडू नये. त्याला केवळ चालू-बंदचा स्विच द्यावा.

जोडणीपूर्वी एमसीबी (मुख्य बोर्डातला सर्किट ब्रेकर) पाडून टेस्टरने खात्री करावी. बरीच स्वस्त उपकरणे फक्त २.४ गिगाहर्ट्झचे वायफाय ओळखतात. राउटर दोन्ही पट्टे एकाच नावाने देत असेल तर जोडणीपुरता ५ गिगाहर्ट्झचा पट्टा बंद ठेवावा. लोखंडी बोर्डपेटीत सिग्नल क्षीण होतो, आणि पेटी उथळ असेल तर मॉड्यूल कोंबल्याने तारांचे जोड सैल होऊन तापतात.

लाइट गेल्यावर काय व्हावे, हे सेटिंग बहुतेक जण पाहतच नाहीत. वीज परत येताना गीझर आणि पंप ‘बंद’ स्थितीतच यावेत; दिव्यांना ‘पूर्वीची स्थिती’ चालते. राउटर इन्व्हर्टरवर नसेल तर इन्व्हर्टरवरचे दिवे पेटलेले असूनही मोबाइलला दाद देत नाहीत. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या मॅटर या स्मार्ट घराच्या सामायिक मानकाची उपकरणे इंटरनेट बंद असतानाही घरातल्या घरात चालू शकतात.