कुंडीतला पांढरा कापूस

चतुर्थी तोंडावर आलेली असते आणि जास्वंदीच्या कळ्या उमलण्याआधीच गळून पडतात. देठ जवळून पाहिला तर बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसतात. असेच पुंजके बाल्कांवातल्या (घरापुढच्या ओसरीतल्या) क्रोटनवर, खिडकीतल्या मनीप्लांटवर आणि वृंदावनातल्या तुळशीवरही सापडतात. पुष्कळ लोक याला बुरशी समजून बुरशीनाशक मारतात. त्याने काहीच होत नाही, कारण हा पिठ्या ढेकूण आहे. तो सहा पायांचा कीटक आहे आणि त्याची सोंड झाडात खुपसलेली असते.

ती सोंड केसाहून बारीक असते. पानांत तयार झालेली साखर ज्या रसवाहिन्यांतून झाडभर फिरते, तिथपर्यंत ती पोचते. तिथला रस दाबाखाली असल्यामुळे ढेकणाला तो ओढायचे फारसे कष्ट पडत नाहीत. त्याची अडचण दुसरी आहे. रसात साखर भरपूर असते, पण प्रथिनं बनवायला लागणारी अमिनो आम्लं अगदी थोडी. म्हणून त्याला पोटाबाहेर रस प्यावा लागतो आणि नकोशी साखर मागून टाकावी लागते. पानांवर आणि कुंडीखालच्या लादीवर जो चिकटा दिसतो, तो हाच. त्यावर काळी बुरशी धरते. ती पानाला खात नाही, साखरेवर जगते, पण पानाचं ऊन अडवते. ओल्या फडक्याने ती पुसून निघते.

काही अमिनो आम्लं तर रसातून पुरेशी मिळतच नाहीत. ती बनवण्यासाठी ढेकणाच्या शरीरात जिवाणू वस्तीला असतात. लिंबूवर्गीय झाडांवरच्या पिठ्या ढेकणात एका जिवाणूच्या आत दुसरा जिवाणू राहतो, हे २००१ मध्ये उघड झालं. एकच अमिनो आम्ल बनवण्याच्या पायऱ्या हे दोन जिवाणू आणि ढेकूण मिळून पार पाडतात. ज्या किडीने माझी जास्वंद पोखरली, तिच्याबद्दल हे कळल्यावर मला मनापासून आश्चर्य वाटलं. यातून एक व्यवहाराची गोष्टही कळते. नत्रयुक्त खत जास्त झालं की कोवळी फूट येते, रसातली अमिनो आम्लं वाढतात आणि ढेकणाचं फावतं. कीड लागलेलं झाड अशक्त दिसतं म्हणून त्याला युरिया घालू नये.

आता औषधाचं. मादीला पंख नसतात. तिच्या अंगावर मेणाची भुकटी असते आणि ती मेणाच्या धाग्यांच्या पिशवीत शेकडो अंडी घालते. मेणावरून पाणी घसरतं, तसं पाण्यात कालवलेलं औषधही घसरतं. साबण इथे कामाला येतो. तो मेणाच्या थरातून आत शिरतो आणि त्वचेखालच्या पेशींची आवरणं फोडतो. पण हे काम तो ओला असेपर्यंतच करतो. वाळला की त्याचा प्रभाव संपला. पिशवीतली अंडी तशीच राहतात आणि साधारण आठवड्याभरात त्यांतून पिल्लं बाहेर पडतात. सुरुवातीचे काही दिवस या पिल्लांच्या अंगावर मेण जवळजवळ नसतं. त्यांना गाठायची हीच वेळ. ‘फवारलं, पण पुन्हा आली’ अशी तक्रार करणाऱ्यांचं औषध बहुधा बरोबरच असतं, फक्त फवारा एकदाच मारलेला असतो. साबण दुप्पट केला तर पानं करपतील, अंडी मात्र मरणार नाहीत. म्हणून आठवड्यातून एकदा, असं निदान चार आठवडे फवारावं.

आधी हाताने काढता येतील तेवढे ढेकूण काढावेत. सत्तर टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा पुंजक्यावर टेकवला की मेण विरघळतं आणि ढेकूण तपकिरी दिसू लागतो. मग लिटरभर पाण्यात चमचाभर साधा द्रवरूप साबण घालून पानांच्या खालच्या बाजूने फवारावं. कपड्यांची डिटर्जंट पावडर नको, ती पानाचंच संरक्षक मेण धुऊन काढते. बोअरवेलच्या जड पाण्यात साबणाचा साका होतो, म्हणून पावसाचं पाणी बरं. आधी दोन-तीन पानांवर मारून एक-दोन दिवस वाट पाहावी.

याच मिश्रणात चमचाभर कडुनिंबाचं तेल घालता येतं. त्यातलं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य १९६८ मध्ये वेगळं काढण्यात आलं. ते किडीची कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, त्यामुळे कीड लगेच मरत नाही आणि माणसं तिसऱ्या दिवशी ‘उपयोग नाही’ म्हणून मोकळी होतात. उन्हात ते लवकर नष्ट होतं, तेव्हा संध्याकाळीच फवारावं.

मुंग्यांचा बंदोबस्त केल्याशिवाय मात्र यातलं काही टिकत नाही. चिकट्याच्या लोभाने मुंग्या ढेकणांची राखण करतात आणि त्यांना खायला आलेल्या किड्यांना हुसकून लावतात. कुंडी पाण्याच्या ताटलीत ठेवण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. गोव्यात डेंग्यूचे डास त्याच पाण्यात वाढतील, म्हणून मला तो मुळीच मान्य नाही. कुंडीच्या कडेला पेट्रोलियम जेलीचा पट्टा ओढावा आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटाव्यात.

मुंग्या हटल्या की मित्रकीटक येऊ शकतात. क्रिप्टोलेमस हा ढालकिडा १८९८ मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला. त्याची अळी अंगभर पांढरे मेणाचे धागे घेऊन फिरते आणि हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते. त्यामुळे आपणच तिला चिरडतो. ती आकाराने मोठी असते आणि भराभर चालते. अशी अळी दिसली तर त्या झाडावर साबण मारू नये.

पावसाळ्यात छपराखालच्या झाडांना धुऊन काढणारा पाऊस मिळत नाही आणि हवा कोंदट असते. हा दमटपणा व्हर्टिसिलियम लेकॅनी या बुरशीला मानवतो. ती किडीच्या त्वचेतून आत शिरून तिला मारते. उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत ती निकामी ठरते, पण जून ते सप्टेंबर हा तिचाच हंगाम. कृषी दुकानात ती जैविक कीडनाशक म्हणून मिळते. त्याच आठवड्यात बुरशीनाशक वापरू नये, नाहीतर ते हिलाच मारेल.

इमिडाक्लोप्रिडसारखी झाडात भिनणारी औषधं तुळस आणि कढीपत्त्यावर कधीही वापरू नयेत, ती पानं आपण खातो. तुळशीच्या मंजिऱ्यांवर मधमाश्या येतात आणि हे औषध मकरंदात आणि परागकणांतही उतरतं. मधमाश्यांच्याच काळजीपोटी युरोपीय संघाने २०१८ मध्ये याच्या उघड्यावरील वापरावर बंदी घातली.

फेब्रुवारीनंतर पानांवर बारीक फिकट ठिपके आणि खालून जाळी दिसली, तर ते कोळी आहेत, म्हणजे रस शोषणारी बारीक कीड, घरात दिसणारा कोळी नव्हे. त्यांना आठ पाय असतात आणि कोरडी हवा आवडते. पानांच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा मारला की त्यांची संख्या बरीच घटते. ओल्या मातीवर घोंघावणाऱ्या काळ्या चिलटांसाठी मातीचा वरचा थर सुकू द्यावा, तेवढं पुरतं.

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून आणलेलं रोप दोन-तीन आठवडे इतर झाडांपासून दूर ठेवावं आणि त्याच्या कुंडीच्या तळाची भोकंही पाहावीत. पिठ्या ढेकणाच्या काही जाती मुळांवर राहतात. तिथे पांढरी पूड दिसली तर माती टाकून द्यावी, मुळं धुवावीत आणि नव्या मातीत रोप लावावं.