जाळीत न सापडणारी घाण

ठिबकमुळे फिल्टर ही वस्तू जळगाव-धुळ्याच्या शेतकऱ्याला नवी नाही. त्यामुळे ॲक्वापोनिक्सचा, म्हणजे माशांच्या पाण्यावर मातीविना भाजी घेण्याचा विषय निघाला की हमखास ऐकू येतं, "त्यात काय, ठिबकचा फिल्टर बसवून टाकू." पाणी नितळ होईलही, पण मासे मरायचे ते मरतीलच. माशांची सगळ्यात जहरी घाण पाण्यात विरघळलेली असते.

मासा अमोनिया सोडतो तो मुख्यतः कल्ल्यांवाटे. पाण्यात त्यातला बराचसा अमोनियम आयनाच्या रूपात राहतो, तो फारसा बाधत नाही. बाधतो तो मुक्त अमोनिया. २५ अंशांना सामू (पीएच) ७ असेल तर त्याचं प्रमाण शेकडा एकाहूनही कमी असतं. सामू ८ झाला की तेच शेकडा पाचांवर जातं. पाणी तापलं की आणखी वाढतं, आणि भुसावळचा मे महिना कसा असतो हे वेगळं सांगायला नको.

हे विष निवारतात जिवाणू. नायट्रोसोमोनाससारखे अमोनियाचं नायट्राइट करतात, नायट्रोस्पायरासारखे त्याचं नायट्रेट. नायट्राइटही घातकच, माशाचं रक्त तपकिरी पडतं. नायट्रेट मात्र पालकाला, मेथीला हवंच असतं. या कामात एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे साडेचार ग्रॅम ऑक्सिजन खर्च होतो. आणि गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो: २० अंशांना लिटरमागे ९ मिलिग्रॅम, ३५ अंशांना जेमतेम ७.

खरी मेख इथे आहे. विष्ठा आणि उरलेलं खाद्य कुजवणारे जिवाणूही याच ऑक्सिजनवर जगतात. अनुकूल स्थितीत ते तासाभरात दुप्पट होतात. आपल्या कामाच्या जिवाणूंना अर्धा दिवस किंवा त्याहून जास्त लागतो. हे जिवाणू ज्या खडीवर वाढतात तिच्यावर गाळ साचला की कुजवणारे जागा आणि ऑक्सिजन दोन्ही बळकावतात, अमोनिया पुन्हा चढतो. म्हणून गाळ आधी काढायचा, जिवाणूंची टाकी नंतर. गोल टाकीत पाणी कडेने तिरकं सोडलं की ते फिरतं आणि गाळ मध्यावर बसतो. तळाचा कॉक उघडला की आधी काळपट, दाट पाणी येतं, त्यात विष्ठेचे दोऱ्यासारखे तुकडे. रंग फिका झाला की कॉक बंद. हे रोज करायचं. सडक्या अंड्यासारखा वास आला तर कुठेतरी गाळ हवेविना कुजतोय. जिवाणूंची खडी क्लोरीनच्या नळाच्या पाण्याने कधीही धुऊ नये, टाकीतल्याच पाण्यात खळबळावी.

जिवाणूंची ही वसाहत बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकी भरली त्याच दिवशी मुहूर्त साधून भरमसाट मासे सोडतात, ते मेले की नजर लागली म्हणतात. नजर नाही, अमोनिया आहे तो. चाचणीची पट्टी थोड्या पैशांत मिळते.

काढलेला गाळ फेकू नका. ड्रममध्ये काही आठवडे हवा सोडत ठेवला की त्यातला काही स्फुरद (फॉस्फरस) पाण्यात उतरतो. वरचं निवळ भाजीला, तळातलं केळीच्या बुंध्याशी.