घरघर आणि धडधड: वॉशिंग मशीनचं बेअरिंग गेलं की शॉकर?

पिळायची फेरी सुरू झाली की मशीन ओरडू लागतं, वॉश एरियातल्या बादल्या थरथरतात, शेजारी दार उघडून बघतात. मिस्त्रीला बोलवावं तर तो उंबऱ्यातूनच ऐकून सांगतो, ‘भिया, बेअरिंग गई.’ इंदूरात मशीनच्या कुठल्याही मोठ्या आवाजाला हे एकच नाव पडलं आहे. पण पिळतानाचे मोठे आवाज मुख्यतः दोन जातींचे असतात. एक बेअरिंगचा. दुसरा सस्पेन्शनचा, म्हणजे ज्या स्प्रिंगा आणि शॉकर (धक्के शोषणारे दांडे) आतला टब तोलून धरतात त्यांचा. पहिल्यासाठी अख्खं मशीन उकलावं लागतं आणि अर्धा दिवस जातो. दुसरं काम मशीन आडवं केलं की तासाभरात होतं. गल्लत झाली तर पैसे जातात आणि आवाज तिथेच राहतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी निदान पक्कं हवं.

फ्रंट लोड मशीनमध्ये एकात एक अशी दोन भांडी असतात. आतला ड्रम स्टीलचा, भोकांचा, तो फिरतो. बाहेरचा टब प्लॅस्टिकचा. तो पाणी धरतो, फिरत नाही. ड्रमच्या पाठीला ॲल्युमिनियमची तीन पायांची तिपाई असते, तिला स्पायडर म्हणतात. तिच्या मधून निघालेला दांडा टबच्या पाठीतून बाहेर येतो आणि तिथे दोन बेअरिंगांवर, म्हणजे आत गोळ्या बसवलेल्या पोलादी कड्यांवर, फिरतो. पाणी बेअरिंगपर्यंत पोचू नये म्हणून आतल्या बाजूला रबरी ऑइल सील असतं. थोडक्यात, बेअरिंग हा ड्रम आणि टब यांच्यामधला सांधा आहे. टब मात्र पत्र्याच्या खोक्याला कुठेच घट्ट जखडलेला नसतो. तो वरून स्प्रिंगांना टांगलेला, खालून दोन ते चार शॉकरवर टेकलेला असतो, आणि उसळू नये म्हणून त्याला काँक्रीटचे ठोकळे बांधलेले असतात. सस्पेन्शन हा टब आणि खोकं यांच्यामधला सांधा.

सगळं निदान या फरकावर उभं आहे. ड्रम टबच्या आत खिळखिळा हलत असेल तर दोष बेअरिंगकडे. टब ड्रमला पोटात घेऊन खोक्यात आपटत असेल तर सस्पेन्शनकडे. आवाज किती मोठा आहे यावरून काहीच कळत नाही. तो कधी येतो आणि कशाबरोबर वाढतो, ते ऐकायचं.

कानाने ओळखताना

बेअरिंगचा आवाज घरघरीचा असतो, जात्यात खडे भरडल्यासारखा. तो वेगाबरोबर चढत जातो आणि मिनिटाला १००० फेऱ्यांच्या पुढे विमान उडाल्यासारखा होतो. मोटर बंद झाल्यावर ड्रम आपल्या गतीने फिरत थांबतो, तेव्हाही तो हळूहळू उतरत ऐकू येतो. मुख्य म्हणजे मशीन रिकामं असलं तरी तो येतो, आणि दुखणं पुढे गेलं की धुण्याच्या संथ फेरीतही गुरगुर जाणवते.

शॉकरचा आवाज धडधडीचा, ठोक्यांचा. रिकाम्या मशीनमध्ये तो जवळजवळ नसतो. कपडे असले की पिळायच्या सुरुवातीला, वेग चढत असताना मशीन दणकतं, कधी जागचं सरकतं, आणि पूर्ण वेग पकडल्यावर बऱ्याचदा शांत होतं. याचं कारण असं की स्प्रिंगांवर टांगलेल्या टबाला स्वतःचा एक झोका असतो. ड्रमचा वेग त्या झोक्याशी जुळतो तेव्हा, मशीनप्रमाणे मिनिटाला साधारण दीडशे ते तीनशे फेऱ्यांच्या आसपास, प्रत्येक फेरी झोक्याला आणखी एक धक्का देते. हा टप्पा ओलांडेपर्यंत टबाला आवरून धरणं हेच शॉकरचं काम. शॉकर मेला की टब खोक्यावर आपटतो. एकदा वेग त्या टप्प्याच्या वर गेला की टब आपोआप स्थिरावतो. म्हणून ‘आधी दणके, मग शांतता’ हे शॉकरचं लक्षण, आणि ‘आधी शांतता, मग चढती घरघर’ हे बेअरिंगचं.

तेव्हा पहिली चाचणी फुकटची आहे. कपडे काढून नुसती पिळायची फेरी लावा. रिकाम्या मशीननेही तोच आवाज केला तर बेअरिंगवर संशय घ्या. रिकामं मशीन गुमान चाललं तर शॉकर, पाये किंवा कपड्यांचा भार तपासा.

हाताने ओळखताना

आता मशीन बंद करून प्लग काढा. दार उघडून ड्रमची वरची कड धरा आणि ड्रम वर-खाली ओढा. ड्रम आणि दरवाज्याचं रबर एकत्र हलले, तर टब स्प्रिंगांवर झुलतोय, ते ठीक आहे. रबर जागेवर राहून नुसता ड्रम टकटक करत हलला, तर बेअरिंग झिजलं. मग एक तळवा मशीनच्या पाठीवर ठेवून दुसऱ्या हाताने ड्रम हळू फिरवा. चांगलं बेअरिंग मुकं असतं. बिघडलेल्याचा खरखरीत कंप तळव्याला कळतो, कानापेक्षा आधी. मोटर पट्ट्याने ड्रम फिरवते अशा मशीनमध्ये मागचा पत्रा काढून पट्टा उतरवा आणि पुन्हा फिरवा. घरघर गेली तर दोष मोटरच्या बेअरिंगचा असू शकतो, ड्रमच्या नाही.

शॉकरसाठी ड्रमच्या तळाशी दोन्ही हात टेकवून तो जोरात खाली दाबा आणि सोडा. टब एकदा वर येऊन थांबायला हवा. तीन-चार वेळा उसळत राहिला तर शॉकरमध्ये दम नाही. टब एका कुशीला कललेला दिसला तर त्या बाजूची स्प्रिंग निसटली किंवा ताणली असेल.

मागचा पत्रा काढलाच आहे तर टबची पाठही बघा. दांड्याभोवतून खाली ओघळलेला तपकिरी गंजाचा डाग असेल तर सील गळतंय आणि पाणी बेअरिंगपर्यंत पोचलंय. एवढा स्पष्ट पुरावा दुसरा नाही. त्याआधी कधी कधी कपड्यांवर करड्या वंगणाचे डाग येतात, आणि घरात त्याचा दोष साबणाला दिला जातो.

एक दुखणं मात्र दोन्हींची नक्कल करतं, ते म्हणजे तडकलेला स्पायडर. साबणाचा थर आणि क्षार साचून ॲल्युमिनियम सच्छिद्र होतं आणि एक पाय तुटतो. मग ड्रम लंबगोल फिरतो, दणके बसतात, रबराला घासतो, आणि कड धरून ओढली तर खिळखिळाही लागतो. फरक असा की बेअरिंगचा खेळ ड्रम कुठेही थांबवला तरी सारखाच लागतो, आणि स्पायडरचा ठरावीक जागी जास्त. इथे नुसतं बेअरिंग बदलून भागत नाही.

शॉकरच्या आधी काय बघायचं

धडधडीतली निम्मी तक्रार मशीनच्या बाहेरच संपते. आपल्याकडे मशीन वॉश एरियात किंवा मागच्या गॅलरीत असतं आणि तिथल्या कोटा फरशीला मोरीकडे ढाळ दिलेला असतो. चार पाये सारखे ठेवले तर मशीन कललेलंच राहणार. गवंड्याची पाणसळ मशीनच्या माथ्यावर आडवी आणि उभी ठेवा, पाये फिरवून बुडबुडा मधे आणा आणि प्रत्येक पायाचा लॉक नट खोक्याच्या बाजूला घट्ट आवळा. नट सैल राहिला तर पाया आठवड्याभरात पुन्हा फिरतो. मग कोपरे कर्णरेषेत दाबून बघा, मशीन डुगडुगता कामा नये. चाकांचं लोखंडी स्टँड असेल तर ते काढा. झाडायला सोपं म्हणून ते घेतलं जातं, पण फ्रंट लोडच्या पिळण्याला ते कधीच योग्य नाही.

मशीन नवं असेल किंवा घर बदललं असेल तर पाठीमागचे वाहतुकीचे बोल्ट काढले आहेत ना, ते बघा. ते राहिले तर टब खोक्याला जखडलेला असतो आणि पहिल्याच फेरीत मशीन नाचतं. थंडी संपताना एकटीच रजई टाकली की ती भिजून एका बाजूला गोळा होते. अशा वेळी दोन टॉवेल सोबत टाकावेत. आवाज फक्त पाणी बाहेर फेकताना येत असेल तर पंपाच्या जाळीत काहीतरी अडकलंय, आणि संथ फेरीतही खणखण होत असेल तर नाणं किंवा ब्लाउजचा हुक. ही ना बेअरिंगची गोष्ट, ना शॉकरची.

शॉकर बदलताना

प्लग काढा, नळ बंद करा, खालच्या झडपेतून उरलेलं पाणी काढा. फ्रंट लोड साठ-सत्तर किलोचं असतं, तेव्हा दोघांनी मिळून ते गोधडीवर पाठीवर निजवा. शॉकर वर टबाला आणि खाली तळाला पिनेने किंवा बोल्टने अडकवलेले असतात. बोल्टला बहुधा १० किंवा १३ चा पाना लागतो, पिनेची खीळ पकडीने दाबून ओढायची. काढलेला शॉकर हाताने दाबा-ओढा. चांगला सारखा अडतो, आपल्या वजनाने घसरत नाही. मेलेला रिकाम्या पिचकारीसारखा सरकतो. त्याच्या अंगावर ८०, १०० किंवा १२० न्यूटन असा आकडा असतो. तोच आकडा आणि तीच लांबी घ्या, आणि सगळे एकदम बदला. एक नवा आणि एक जुना बसवला तर टब एकीकडे ओढला जातो.

शॉकरमध्ये तेल घालू नका. तो घर्षणावर चालतो, आतली पट्टी विशिष्ट वंगणात भिजवलेली असते, साधं तेल पडलं की उरलासुरला अडसरही जातो. मशीन आडवं असतानाच काँक्रीटच्या ठोकळ्यांचे बोल्टही आवळून घ्या. सैल ठोकळ्याचा ठोका शॉकरसारखाच वाजतो.

टॉप लोडमध्ये शॉकरच्या जागी चार कोपऱ्यांतून टांगलेले चार रॉड असतात. ड्रमची कड दाबून सोडायची चाचणी तीच. पुढचे आणि मागचे रॉड काही मशीनमध्ये वेगळ्या ताकदीचे असतात, म्हणून काढताना खुणा करा. सेमीऑटोमॅटिकमध्ये पिळायच्या टबची मोटर तीन स्प्रिंगांवर बसलेली असते. त्यातली एक तुटली की टब भिंतीला घासतो.

बेअरिंग बदलताना

बेअरिंग आपणहून क्वचितच मरतं, आधी सील मरतं. माळव्यातल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार असतात. नर्मदेच्या नळाला पाणी कमी आलं की मशीनही बोअरवर चालतं आणि नळाच्या तोंडावर येतं तसंच पांढरं कवच सीलच्या ओठावर चढतं. दांडा त्यावर घासतो, ओठ फाटतो, पाणी आत शिरून वंगण धुतं आणि गोळ्या गंजतात. म्हणून सील न बदलता बेअरिंग बदलणारा मिस्त्री काही महिन्यांत परत येणार. जुन्या शॉकरकडेही दुर्लक्ष नको, कारण प्रत्येक दणक्याचा भार बेअरिंगवर आणि स्पायडरवरच पडतो.

घरच्या मशीनमध्ये बहुधा ६२०३ ते ६२०६ या क्रमांकांची बेअरिंगं असतात. ६२०५ आतून २५, बाहेरून ५२ आणि जाडीला १५ मिलिमीटर. ६२०६ ची मापं ३०, ६२, १६. जुनं बेअरिंग आणि सील सोबत नेऊन सियागंज बाजारातून माप जुळवून आणा, आणि बेअरिंग दोन्ही बाजूंनी रबराने झाकलेलं मागा. आधी एक खात्री करा: टब बोल्टने जोडलेला आहे की चिकटवून बंद केलेला. अलीकडच्या अनेक मशीनमध्ये तो कायमचा बंद असतो आणि पूर्ण टबच बदलावा लागतो. मोटरची लांबलचक वॉरंटी असली तरी ड्रमचं बेअरिंग तिच्यात बहुधा येत नाही, तेव्हा कार्ड नीट वाचा.

टब उघडणारा असेल तर प्रत्येक वायर सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. माथा, साबणाचा कप्पा, पुढचा पत्रा, रबर, ठोकळे, मोटर, या क्रमाने सोडवत टब बाहेर काढा. पुलीचा बोल्ट दांड्यात अर्धा परत पिळा आणि त्यावर लाकूड ठेवून ठोका. थेट हातोडा मारला तर आटे जातात. दांड्याची बाहेरची पितळी बाही नखाने चाचपा. सील टेकतं तिथे खोल चर लागला तर नवं सीलही गळेल. जुनी बेअरिंगं आलटून पालटून सगळ्या बाजूंनी ठोकत काढा आणि बेअरिंग बसायची जागा कोरडी पुसा. नवं बेअरिंग दोन-तीन तास फ्रीझरमध्ये ठेवलं की थोडं आक्रसतं. बसवताना फक्त बाहेरच्या कड्यावर ठोका, त्यासाठी जुन्याचंच बाहेरचं कडं वापरा. आतल्या कड्यावर ठोकलं तर गोळ्या फिरतात त्या चरीत खड्डे पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून घरघरतं. सील शेवटी बसवा, ओठाला पाण्याने न सुटणारं वंगण लावून.

पुढे तीन महिन्यांतून एकदा रिकाम्या मशीनमध्ये शंभर ग्रॅम लिंबूफूल (सायट्रिक ॲसिड) टाकून ६० अंशांची फेरी लावा. त्यात ब्लीच मिसळू नका, विषारी वायू निघतो. पावडर मापात घाला आणि धुणं झालं की दार उघडं ठेवा. सात-आठ धुणी झाल्यावर प्लग काढून मागचा पत्रा पुन्हा उघडा आणि दांड्याखाली कोरडा कागद फिरवा. तो ओला निघाला तर सील तिरकं बसलंय, आणि बेअरिंगला पाणी लागण्याआधीच टब परत खोलायला हवा.