पावसाने उघडं पाडलेलं चित्र

1892 साली इंग्लंडच्या सफोक परगण्यात, वेनहॅस्टन गावच्या सेंट पीटर्स चर्चची दुरुस्ती चालली होती. वेदीच्या दालनासमोरच्या कमानीतल्या, पांढरा रंग फासलेल्या जुनाट फळ्या कामगारांनी काढल्या आणि जाळायच्या म्हणून आवारात टाकून दिल्या. रात्री पाऊस झाला. सकाळी पाहतात तो पांढऱ्या थराखालून देवदूत आणि सैतान डोकावताहेत! साधारण 1500 च्या सुमारास रंगवलेला तो अंतिम न्यायाचा, म्हणजे जगाच्या शेवटी देव सगळ्यांचा निवाडा करतो त्या प्रसंगाचा, देखावा होता. त्यात देवदूत मायकल तराजूत आत्मे तोलतो आहे. राजा आणि बिशप दोघेही नागवे. डोक्यावरच्या मुकुटावरून आणि टोपीवरूनच काय ती ओळख पटते.

वरचा रंग गेला आणि खालचा टिकला, हे कसं? त्या काळी इंग्लिश चर्चमधल्या लाकडावर आधी खडू आणि सरसाचा लेप देत, तो घासून गुळगुळीत करत आणि वर बहुधा जवसाच्या तेलात घोटलेले रंग चढवत. हे तेल पाण्यासारखं उडून जात नाही. ते हवेतला ऑक्सिजन घेतं, त्याचे रेणू एकमेकांत गुंततात आणि पाण्याला न जुमानणारा घट्ट पापुद्रा तयार होतो. सफेदा या पांढऱ्या रंगातलं शिसं या क्रियेला वेगच देतं. अशा तेलकट पृष्ठभागावर वरून फासलेल्या सफेदीची पकड कच्चीच राहते. हिरव्या रंगाचं मात्र दुर्दैव: तांब्यापासून केलेला जंगाल काळाच्या ओघात पुष्कळदा तपकिरी पडतो. त्यामुळे आज मातकट दिसणारा झगा मुळात हिरवागार असू शकतो.

या चित्रात मधोमध रंगच नसलेल्या तीन आकृत्या आहेत. तिथे क्रूसावरचा येशू, मेरी आणि जॉन यांच्या कोरीव लाकडी मूर्ती बसवलेल्या होत्या. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे मूर्ती-चित्रांना विरोध करणाऱ्या प्रोटेस्टंट चळवळीत, मूर्ती हटवल्या गेल्या, चित्रावर सफेदी चढली. मूर्ती कायमच्या गेल्या, पण त्यांची बाह्यरेषा फळीवर राहिली. नॉरफोकमधल्या बिनहॅमच्या चर्चमध्ये तर वेदीचं दालन वेगळं करणाऱ्या लाकडी पडद्यावरच्या संतांवर पांढरा रंग देऊन 1539 च्या बायबलमधली वचनं लिहिली. आता तो रंग झिजून अक्षरांमधून संतांचे चेहरे दिसू लागलेत.

लाकडालाही स्वतःची हकिगत आहे. पूर्व इंग्लंडमधल्या अशा पडद्यांची चौकट सहसा स्थानिक ओकची, पण रंगवायच्या पातळ फळ्या अनेकदा बाल्टिक प्रदेशातून जहाजाने आलेल्या. वाढीची वलयं मोजून आणि त्यांच्या रुंदीचा क्रम जुळवून हे कळतं. थंड, दाट जंगलात सावकाश वाढलेल्या त्या ओकची वलयं बारीक, रेषा सरळ. खोड गाभ्यापासून सालीच्या दिशेने चिरलं, की फळीच्या रुंदीत होणारं आकुंचन वलयांना समांतर कापलेल्या फळीच्या जवळपास निम्मंच असतं. म्हणजे ती कमी वाकते आणि रंगही कमी तडकतो. एवढं जाणणाऱ्या त्या सुतारांना अडाणी कोण म्हणेल?

वेनहॅस्टनपासून जवळच ब्लिथबर्गचं चर्च आहे. तिथल्या छतावरच्या लाकडी देवदूतांमध्ये शिशाचे छर्रे सापडले. मूर्तिभंजक विल्यम डाउझिंग 1644 मध्ये तिथे येऊन गेला होता, त्यामुळे गावकऱ्यांनी खापर त्याच्या माणसांवर फोडलं. पण चर्चच्या अठराव्या शतकातल्या हिशेबाच्या वहीत जॅकडॉ, म्हणजे कावळ्याच्या जातीचे पक्षी, मारण्यासाठी दिलेल्या पैशांची नोंद मिळाली. डाउझिंगच्या नावावर पापं कमी नाहीत. हे मात्र त्याचं नसावं.