३०० वॅटचा छोटा ॲम्प आणि ४५ वॅटचा मोठा ॲम्प: क्लास डी घ्यावा की क्लास एबी?

दहा-बारा हजारांचा, जाड पुस्तकाएवढा ॲम्प्लिफायर. जाहिरातीत ठळक आकडा: ३०० वॅट गुणिले दोन. त्याच पानावर खाली डेनॉनचा पीएमए-६००एनई. किंमत तिप्पट-चौपट, वजन सात किलोंच्या वर आणि माहितीपत्रकात लिहिलेलं, ८ ओहमला ४५ वॅट (ओहम म्हणजे स्पीकर विजेला करतो त्या विरोधाचं माप). घरासाठी पहिल्यांदाच स्टिरिओ जुळवणारा माणूस इथे गोंधळतो आणि त्यात त्याची काहीच चूक नाही. दोघांनाही ‘स्टिरिओ ॲम्प्लिफायर’च म्हणतात, दोघांच्या पाठीमागे स्पीकरची लाल-काळी टर्मिनल्स आणि पुढे आवाजाचा नॉब. आत मात्र कामाची रीत वेगळी आहे, छोट्याची ‘क्लास डी’ आणि मोठ्याची ‘क्लास एबी’, आणि वॅट छापण्याची रीत तर त्याहून वेगळी.

माझं मत आधीच मांडलेलं बरं. बहुतेक घरांच्या हॉलला छोटा क्लास डी ॲम्प पुरून उरतो आणि वाचलेले पैसे स्पीकरवर घालावेत. क्लास एबीचा मोठा ॲम्प घ्यायलाही चांगली कारणं आहेत, पण ‘जास्त ताकद’ हे त्यातलं कारण नाही.

आधी आतली रीत बघू. क्लास एबीमध्ये ट्रान्झिस्टरची जोडी असते. एक संगीताच्या लाटेचा वरचा भाग सांभाळतो, दुसरा खालचा. एकाकडून दुसऱ्याकडे काम जाताना आवाज तुटू नये म्हणून दोघांतूनही थोडा करंट कायम वाहता ठेवतात. हे ट्रान्झिस्टर बराच वेळ अर्धवट उघडे असतात, आणि जी वीज स्पीकरकडे जात नाही ती उष्णता होऊन हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या ठोकळ्यावर, उतरते. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एक तर पूर्ण चालू असतो, नाही तर पूर्ण बंद. सेकंदाला काही लाख वेळा ही उघडझाप होते. किती वेळ चालू आणि किती वेळ बंद हे संगीताच्या लाटेप्रमाणे बदलत जातं आणि शेवटी कॉइल-कपॅसिटरचा फिल्टर त्यातून पुन्हा गुळगुळीत लाट काढतो. पंख्याचा जुना, हात लावला की चटका देणारा ठोकळा रेग्युलेटर आणि आजचा स्विचबोर्डात मावणारा थंड रेग्युलेटर यांत जो फरक आहे, साधारण तोच इथे आहे. क्लास डीची कार्यक्षमता जोरात वाजवताना ९० टक्क्यांच्या आसपास जाते. एबीची वरची मर्यादा कागदावरही ७८ टक्क्यांच्या जवळ थांबते आणि हळू आवाजात ती खूपच खाली येते.

या उघडझापीत संगीताचे शून्य-एक होत नाहीत, त्यामुळे ‘क्लास डी म्हणजे डिजिटल आवाज’ ही दुकानातली समजूत सोडून द्यावी. नीट बनवलेला क्लास डी ॲम्प आणि नीट बनवलेला क्लास एबी ॲम्प एकाच पातळीवर, मर्यादेत वाजवले, तर डोळे मिटून ओळखणं फार अवघड असतं.

आता वॅटबद्दल

या स्वस्त छोट्या ॲम्पपैकी पुष्कळांच्या पोटात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३२५५ ही चिप असते. चिप खरोखर उत्तम आहे. तिच्या डेटाशीटवर लिहिलंय, ४ ओहमला प्रत्येक चॅनेल ३१५ वॅट. जाहिरातीतले ३०० वॅट येतात ते इथून. पण त्या ३१५ वॅटच्या मागे दोन अटी आहेत: चिपला पन्नासेक व्होल्टचा भक्कम पुरवठा हवा आणि आवाजात १० टक्के विकृती चालवून घ्यायला हवी. १० टक्के विकृती म्हणजे तबल्याची थाप फाटते आणि गायकाचा आवाज घोगरा होतो.

तुमच्या घरी येणारा अडॅप्टर वेगळाच असतो. तो उलटा करून त्यावरचं लेबल वाचा. समजा लिहिलंय ३२ व्होल्ट, ५ अँपिअर. गुणाकार केला की १६० वॅट. दोन्ही चॅनेल मिळून सलग यापेक्षा जास्त येणं शक्यच नाही, कारण वीज त्याच वायरीतून आत येते. दुसरा हिशोब व्होल्टेजचा. अशा चिपमध्ये स्पीकरवर जास्तीत जास्त जेवढं व्होल्टेज जाऊ शकतं ते साधारण अडॅप्टरच्या व्होल्टेजइतकंच. त्याचा वर्ग करायचा आणि ओहमच्या दुपटीने भागायचं. ३२ चा वर्ग १०२४. ८ ओहमच्या स्पीकरसाठी १६ ने भागा, ६४ वॅट. यातून थोडी घट वजा करा आणि पन्नासच्या आसपास स्वच्छ वॅट धरा. म्हणजे ‘३०० वॅट’चा ॲम्प आणि ‘४५ वॅट’चा डेनॉन ८ ओहमच्या स्पीकरवर जवळजवळ शेजारी-शेजारी येऊन बसतात. अडॅप्टर २४ व्होल्टचा असेल तर हाच हिशोब ३६ वॅटवर येतो आणि ४८ व्होल्टचा असेल तर १४४ वर. क्लास डी घेताना बाकी काही बघितलं नाही तरी चालेल, हे लेबल मात्र बघाच. विक्रेता अडॅप्टरचे व्होल्ट-अँपिअर सांगत नसेल तर तो ॲम्प घेऊ नका.

मोठ्या कंपन्यांच्या क्लास एबीचा आकडा वेगळ्या शिस्तीतून येतो. अमेरिकेत १९७४ साली तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने घरगुती ॲम्प्लिफायरच्या वॅटसाठी नियम केला, कारण तेव्हाही असेच फुगवलेले आकडे छापले जात होते. तेव्हापासून नामांकित कंपन्या साधारणपणे दोन्ही चॅनेल एकदम चालू, २० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ आणि विकृती एवढी-एवढी, असं सगळं सोबत लिहितात. डेनॉनच्या ४५ वॅटसोबत ०.०७ टक्के विकृतीची अट छापलेली आहे. आपल्याकडे होम थिएटरच्या खोक्यांवर अजूनही दिसणाऱ्या ‘पीएमपीओ’ला (क्षणभराच्या कमाल ताकदीचा दावा) असं कुठलंच प्रमाण नाही. तो आकडा वाचायचाच नाही.

पण मुळात लागतात किती वॅट? एक साधा बुकशेल्फ स्पीकर धरू, ज्याची संवेदनशीलता ८७ डेसिबल आहे. म्हणजे १ वॅट दिला की १ मीटरवर ८७ डेसिबल आवाज. तुम्ही सोफ्यावर अडीच-तीन मीटर लांब बसणार, त्यात काही डेसिबल जातात. दुसरा स्पीकर आणि खोलीच्या भिंती त्यातले काही परत देतात. सोफ्यावर ८३-८४ उरतात असं धरू. आता मैफलीचं रेकॉर्डिंग लावा. तानपुरा आणि गळा सरासरी ७४ डेसिबलवर, म्हणजे शेजारच्या खोलीतल्यांना नीट ऐकू येईल इतका. त्यासाठी लागतो वॅटचा दहावा हिस्सा. एवढाच. समेवर तबल्याची थाप सरासरीच्या वीस डेसिबल वर गेली, तर त्या क्षणापुरते दहा वॅट. पुढच्या क्षणी पुन्हा वॅटचा दहावा हिस्सा.

वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो आणि कानाला दुप्पट मोठा वाटायला वॅट साधारण दहापट लागतात. त्यामुळे ६० वॅटऐवजी १०० वॅटचा ॲम्प घेतलात तर मिळतात सव्वादोन डेसिबल, नॉब किंचित हलवण्याएवढा फरक. ८४ डेसिबलचा स्पीकर सोडून ९० डेसिबलचा घेतलात, तर मात्र ॲम्प चौपट केल्यासारखं होतं. पैसा स्पीकरवर घालावा असं मी म्हणते ते यासाठी.

कमी वॅट पुरतात याचं एक जुनं उदाहरण आहे. एनएडी या कंपनीचा ३०२० हा ॲम्प १९७८ मध्ये आला. एरिक एडवर्डसन या नॉर्वेच्या अभियंत्याने तो बनवला, किंमत मुद्दाम कमी ठेवली आणि छापील ताकद होती २० वॅट. तो तुफान खपला आणि त्याच्याहून महागड्या ॲम्पना त्याने घाम फोडला. कारण क्षणापुरता तो ८ ओहमला जवळपास ४० वॅट आणि २ ओहमला ७० च्या वर वॅट देऊ शकत होता, आणि मर्यादा ओलांडताना आवाज कर्कश न होऊ देणारं सर्किट त्यात होतं. स्वस्त ॲम्प कसा असावा, याचं माझ्या मते आजही याहून चांगलं उदाहरण नाही.

मग मोठा क्लास एबी कोणी घ्यावा?

ज्यांच्याकडे रेकॉर्ड प्लेअर आहे त्यांनी जरूर विचार करावा. नेहमीच्या मूव्हिंग मॅग्नेट काडतुसातून (सुई बसवलेला, रेकॉर्डवरून आवाज उचलणारा भाग) जेमतेम ५ मिलिव्होल्ट निघतात, सीडी प्लेअरमधून २ व्होल्ट. म्हणून रेकॉर्डसाठी तो बारीक सिग्नल आधी वाढवणारा वेगळा फोनो प्रीॲम्प लागतोच. डेनॉन पीएमए-६००एनई, यामाहा ए-एस३०१, केंब्रिज ऑडिओ एएक्सए३५ अशा ॲम्पमध्ये तो आतच असतो. छोट्या क्लास डीला तो बाहेरून जोडायचा म्हणजे आणखी एक डबी, आणखी एक अडॅप्टर आणि गुणगुण शिरायला आणखी एक वाट. टीव्ही, सीडी, फोन, रेकॉर्ड असं सगळं एकाच ॲम्पवर आणून रिमोटने बदलायचं असेल, तरी मोठा ॲम्प सोयीचा. छोट्यांना बहुधा एकच आरसीए जोड आणि ब्लूटूथ असतं.

दुसरं कारण दुरुस्तीचं. क्लास एबीचे आउटपुट ट्रान्झिस्टर सुटे असतात, आणि मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत ते बदलून देणारे हात अजून आहेत. तिथे नकली ट्रान्झिस्टरही सर्रास मिळतात, म्हणून कारागीर ओळखीचा हवा. टीपीए ३२५५ बोर्डवरून उतरवून नवीन बसवायला सहसा कोणी तयार होत नाही. अडॅप्टर गेला तर दुसरा आणता येतो, चिप गेली की ॲम्प गेला. म्हणून क्लास डी घेताना आयुष्य पाच-सात वर्षांचं धरावं. जास्त टिकला तर आनंदच.

उलट बाजूही आहे. क्लास एबीला मोकळी हवा लागते. काचेची दारं लावलेल्या टीव्ही युनिटमध्ये तो कोंडला की उन्हाळ्यात तापून स्वतःला बंद करतो. छोटा ॲम्प तिथे सुखाने राहतो. अमेरिकेतून कुणी ॲम्प आणणार असेल तर आणखी एक गोष्ट बघा. तिथले क्लास एबी बहुधा १२० व्होल्टचे असतात. इथल्या २३० व्होल्टवर तसेच लावले की ट्रान्सफॉर्मर जळतो, आणि व्होल्टेज उतरवणारा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा तर तोही चांगल्या ताकदीचा आणि जड. क्लास डीच्या अडॅप्टरवर ‘१०० ते २४० व्होल्ट’ असं लिहिलेलं असेल, तर फक्त पिनचा प्रश्न उरतो.

क्लास डी जोडताना एक चूक महागात पडते. नेहमीच्या क्लास एबीमध्ये दोन्ही स्पीकरची काळी टर्मिनल्स आत ग्राउंडला जोडलेली असतात. या छोट्या ॲम्पमध्ये काळं टर्मिनलही जिवंत असतं, लाल आणि काळं दोन्ही स्पीकरला उलटसुलट ढकलत असतात. दोन्ही काळ्या वायरी एकत्र बांधल्या, किंवा दोन्ही चॅनेलचं ग्राउंड एकच धरणाऱ्या जुन्या स्पीकर सिलेक्टरला जोडल्या, तर चिप शॉर्ट होते. सबवूफरच्या स्पीकर-इनपुटला जोडतानाही सबवूफरचं माहितीपत्रक आधी वाचा.

आणखी एक बारकावा. स्वस्त क्लास डीमध्ये शेवटचा फिल्टर ठराविक ओहम धरून बनवलेला असतो, त्यामुळे वरच्या पट्टीतला आवाज स्पीकर बदलला की किंचित बदलतो. ८ ओहमला सनईचा सूर थोडा चकचकीत, ४ ओहमला थोडा मऊ, असा दीड-दोन डेसिबलचा खेळ. ‘पोस्ट फिल्टर फीडबॅक’ (फिल्टरनंतरचा सिग्नल तपासून ॲम्प स्वतःची चूक सुधारतो) असलेल्या ॲम्पमध्ये हा फरक जवळपास नाहीसा होतो. दोन-तीन हजार जास्त पडले तरी हा गुण असलेला घ्यावा. ज्यांच्या घरी ४ ओहमचे स्पीकर आहेत त्यांनी तर नक्कीच, आणि अडॅप्टरही मोठा घ्यावा, कारण ४ ओहमला करंट दुप्पट लागतो.

राहिला तिसरा मार्ग: जुना क्लास एबी सेकंड हँड घेणं. दहा-बारा हजारांत चांगल्या कंपनीचा जुना ॲम्प मिळतो आणि रेकॉर्डवाल्यांसाठी तो कित्येकदा सगळ्यांत चांगला सौदा ठरतो. घ्यायला जाताना मल्टिमीटर सोबत न्या. ॲम्प चालू करून दहा मिनिटं तापू द्या. स्पीकर जोडू नका, इनपुट काढून ठेवा, नॉब शून्यावर. मल्टिमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवून दोन्ही चॅनेलच्या लाल-काळ्या टर्मिनलवर धरा. वीस-तीस मिलिव्होल्टपर्यंत ठीक. शंभरच्या वर गेला तर आतलं काही तरी बिघडलंय आणि तो तुमचा स्पीकर जाळू शकतो, मालक काहीही म्हणो. मग साधे, पडीक स्पीकर जोडून नॉब हळूहळू फिरवा. खरखर आली तर घाबरू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरने ती बहुधा जाते. कोकणच्या दमट हवेत राहिलेल्या ॲम्पला ती असतेच. एक चॅनेल मधूनच गायब होऊन नॉब वाढवला की परत येत असेल, तर रिले, म्हणजे स्पीकर जोडणारा आतला स्विच, खराब आहे. तो दोन-चारशे रुपयांत बदलतो, तेवढे किमतीतून कमी करून मागा.